हजेरीपटाबाहेरचा कोयता

उचल

महाराष्ट्राचा साखर हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, म्हणजे पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, आष्टी आणि शेजारच्या पाथर्डी-जामखेडमध्ये, तो पावसाळ्यातच लागतो. पेरण्या उरकलेल्या असतात, बी-बियाण्यांची उधारी अंगावर असते, पोरांच्या शाळा भरलेल्या असतात आणि मजुरांच्या टोळ्या बांधणाऱ्या मुकादमाची मोटारसायकल वस्त्यांवर फिरू लागते. ऊसतोडीला येणार का, हे तो विचारत नाही. यंदा उचल किती लागेल, एवढेच विचारतो.

उचल म्हणजे येत्या हंगामाच्या मजुरीपोटी आधीच दिलेली रक्कम. अलीकडे एका कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, ती लाखाच्या घरात असते. जोडी तरणी आणि हाताला चलाख असेल तर दीड लाखापर्यंतही जाते. हे पैसे उसाच्या फडावर जाण्याआधीच संपलेले असतात. बहिणीचे लग्न, दवाखाना, घरावरचे पत्रे, गेल्या वर्षीची बाकी, किराणा दुकानदाराची वही यांत ते जिरतात. पुढचे पाच महिने जोडी जे तोडते, ते खर्च होऊन गेलेल्या पैशाची फेड म्हणून.

ही रक्कम मुकादमाच्या खिशातली नसते. कारखाना हंगामाआधी बँकेकडून कर्ज घेतो. बहुतेक ठिकाणी तो ते पैसे वाहतूकदाराला, म्हणजे ट्रक-ट्रॅक्टरच्या मालकाला, तोडणी-वाहतुकीचा करार करून देतो आणि बदल्यात जामीन, कोरे धनादेश, सातबारा लिहून घेतो. वाहतूकदार स्वतःची भर घालून मुकादमाला देतो. मुकादम आठ-दहा कोयत्यांची टोळी बांधतो आणि त्यांना वाटतो. साखळीतली प्रत्येक कडी आपल्या खालच्या कडीकडून हमी घेते. सर्वांत खालच्या जोडीकडे गहाण ठेवण्यासारखे काही नसते, म्हणून ती हंगामभराची अंगमेहनत गहाण ठेवते.

साखळी तुटतेही. दोन-तीन वाहतूकदारांकडून पैसे उचलून मुकादम गायब होतो आणि कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला सांगली-कोल्हापूरचा एखादा तरुण शेतकरी उघड्यावर पडतो. मग वसुलीसाठी मुकादमाला, कधी हाती लागलेल्या मजुरालाच, डांबून ठेवल्याच्या तक्रारी होतात. पोलीस ठाण्यात एकीकडे फसवणुकीचा गुन्हा, दुसरीकडे अपहरणाचा. ज्या कारखान्यासाठी हा सारा पैसा फिरला, त्याचे नाव दोन्ही फिर्यादींत सहसा नसते.

गव्हाण रिकामी राहता कामा नये

उचलीची प्रथा एवढी घट्ट का, याचे कारण उसाच्या गुणधर्मात आणि कारखान्याच्या यंत्रात आहे. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळावा लागतो. उशीर झाला की वजन घटते आणि रसातली साखर मोडू लागते. कारखाना रात्रंदिवस चालतो. गव्हाणीत ऊस पडायचा थांबला तर बॉयलर, टर्बाईन, गिरणी सारेच थांबते, आणि पुन्हा चालू करायचे म्हणजे नुसता खर्च. दिवसाला ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्याला, एक कोयता रोज २ टन तोडतो असे धरले तर, २,५०० कोयते लागतात. म्हणजे पाच हजार माणसे, तीही रोज, सणवार न पाळता आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, न हलता.

भर हंगामात मजुराला एवढी मागणी असताना पुस्तकी अर्थशास्त्राप्रमाणे त्याचा भाव वाढायला हवा. डिसेंबरात शेजारचा कारखाना टनाला पन्नास रुपये जास्त देत असेल तर मजूर तिकडे जाईल आणि पहिल्या कारखान्याला दर वाढवावा लागेल, अशी बाजाराची रीत सांगितली जाते. उचल नेमके हेच होऊ देत नाही. भाव ठरतो तो दुष्काळी गावात, भर पावसाळ्यात, मजुराची नड सर्वांत मोठी आणि कारखान्याची घाई सर्वांत कमी असते तेव्हा. काम होते ते नंतर, हे गणित उलटे झाल्यावर. मधल्या काळात मजूर बाजारात नसतोच.

भांडवलशाहीत मजूर दोन अर्थांनी मोकळा असतो, असे मार्क्सने मांडले: कोणाला बांधील नसतो आणि श्रमाखेरीज विकण्यासारखे जवळ काही नसते. ऊसतोड मजुराकडे बहुधा दोन-चार एकर कोरडवाहू जमीन असते आणि हंगामात तो बांधीलही असतो. यावरून ही जुनी सरंजामी वेठबिगारी आहे, आधुनिकता आली की ती विरून जाईल, असा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. प्रत्यक्षात ती बँकेच्या कर्जावर, डिजिटल वजनकाट्यावर आणि आता इथेनॉलच्या कंत्राटांवर उभी आहे. कारखाने जसजसे मोठे झाले तसतशी उचलीची रक्कम वाढत गेली. कोरडवाहू तुकड्याचाही या व्यवस्थेला उपयोगच होतो. हंगामाबाहेरचे सहा-सात महिने मजुराचे पोट गावाकडचे बाजरी-कापूस भरतात, म्हणून कारखान्याला त्याचा वर्षभराचा खर्च मजुरीत धरावा लागत नाही.

फडातला दिवस

फडात तोडणी उजाडण्याआधी सुरू होते. जानेवारीतल्या पहाटे उसाची पाने दवाने चिंब असतात आणि त्यांची धार हातावर, गालावर बारीक चिरा काढते. पुरुष उसाच्या बुडाशी वाकतो आणि कोयता जमिनीसरसा मारतो. बुडख्याकडे साखर जास्त असते, त्यामुळे चार बोटे वरून तोडले तर शेतकी खात्याचा माणूस ओरडतो. दुसऱ्या घावाने शेंडा उडतो, कोयत्याच्या पाठीने पाचट निघते. बाई मागे राहून ऊस गोळा करते, वाढ्याच्या पातींना पीळ देऊन मोळी बांधते. वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांची वैरण. दुपारी रस्त्याकडेला बसून ते विकले तर चार पैसे रोख हातात येतात, आणि हंगामभर हातात येणारी ही जवळपास एकमेव रोकड.

ट्रकला वेळ नसते. संध्याकाळी सातला येईल किंवा रात्री दोनला. येईल तेव्हा भरायचा. मोळी तीस-चाळीस किलोची. ती डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून चढायचे, वर टाकायची, उतरायचे, पुन्हा चढायचे. फळी ओली असते, उजेड ट्रॅक्टरच्या दिव्याचा. दहा-बारा टन ऊस भरून होईपर्यंत दोन-तीन तास जातात. त्यानंतर कोपीवर येऊन चूल पेटवायची, ती अर्थात बाईने. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्यांवर पाचट किंवा ताडपत्री टाकून केलेला, आत ताठ उभे राहता येणार नाही असा निवारा. पाणी शेतकऱ्याच्या विहिरीचे किंवा कॅनॉलचे. शौचाला उघडा फड, आणि तोडणी जसजशी पुढे सरकते तसतसा तोही आडोसा संपत जातो.

जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात तोडणीच्या दरात तीन हंगामांसाठी ३४ टक्के वाढ झाली आणि टनाचा मूळ दर सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. मुकादमाचे कमिशन २० टक्के झाले. वाढ कागदावर ठसठशीत दिसते. तिच्या आधीच्या दराची तुलना एकाच गोष्टीशी करून पाहावी: २०२३-२४ मध्ये रोजगार हमीवरची एका माणसाची दिवसाची मजुरीही महाराष्ट्रात २७३ रुपयेच होती. एक टन ऊस तोडणे, सोलणे, बांधणे, डोक्यावरून वाहून भरणे या साऱ्याचे मोल सरकारी खडी फोडण्याच्या एका रोजाइतके होते.

नव्या दराने, रोज २ टन धरून, जोडीचे ७३२ रुपये होतात; माणशी ३६६, तेही बारा-चौदा तासांचे. एक लाखाची उचल फिटायला १३७ दिवस लागतात. आठवड्याच्या बाजारासाठी मुकादम जी खर्ची देतो, ती याच खात्यात नावे पडते. आजारपणात किंवा मयतीला गेल्यामुळे काम बुडाले तर खाडा पडतो: त्या दिवसाची मजुरी जाते आणि वर पाचशे-हजारांचा दंड बसतो. पट्टा १३७ दिवसांच्या आधीच पडला तर उरलेली रक्कम पुढच्या वर्षीच्या हिशेबात. २०२४-२५ चा हंगाम असाच आखूड निघाला; राज्याचे साखर उत्पादन आदल्या वर्षीच्या सुमारे ११० लाख टनांवरून ८० लाखांच्या आसपास घसरले. उसाच्या तुटीचा भार ज्यांनी ऊस लावला नव्हता त्यांच्या अंगावर बाकी होऊन बसला. हिशेब मुकादमाच्या वहीत असतो, वजन कारखान्याच्या काट्यावर होते. मजुराकडे दोन्हींची नक्कल नसते.

कोणाचा कामगार

साखर कारखान्याच्या गेटच्या आत काम करणाऱ्याला, मग तो बॉयलरवरचा असो की गोदामातला, त्रिपक्षीय कराराने ठरलेले वेतन, भविष्य निर्वाह निधी, बोनस आणि संघटना असते. गेटच्या बाहेर ऊस तोडणारा कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो. त्यांची संख्याच कोणाला नेमकी ठाऊक नाही. अंदाज आठ लाखांपासून बारा लाखांवर जातात.

विचारले तर कारखाना करार दाखवतो: आमचा संबंध वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, मी गाडीवाला, माणसे मुकादमाची. मुकादम स्वतः कधीकाळी कोयता धरलेला, त्याच गावचा, बहुधा त्याच जातीचा. त्याला मालक म्हणणे त्यालाही चमत्कारिक वाटते. कोणता फड कधी तोडायचा हे मात्र कारखान्याचे शेतकी खाते ठरवते, तोडीची चिठ्ठी त्याचा चिटबॉय आणतो, वजन कारखाना करतो, दर कारखान्यांचा संघ ठरवतो आणि बिलातून उचलीची वसुलीही कारखान्यातच होते. मालकपणाची सारी लक्षणे एका जागी आहेत. नाही ती फक्त जबाबदारी.

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने कंत्राटदारामागे उभा असलेला मुख्य मालक ओळखला होता, पण ऊसतोडीला तो सहसा लावला गेला नाही. १९७९ चा स्थलांतरित कामगार कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता; बीडहून बेळगावला गेलेल्या टोळीला तो लागू व्हायला हवा होता, कोल्हापूरला थांबलेल्या टोळीला नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याची व्याख्या मात्र कोणी शांतपणे वाचली तर चकित होईल: घेतलेल्या आगाऊ रकमेपोटी काम करणे आणि त्यापायी दुसरीकडे जाण्याचे किंवा बाजारभावाने श्रम विकण्याचे स्वातंत्र्य गमावणे, याला तो वेठबिगारीच म्हणतो. एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात केलेले काम हेही राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदातले सक्तीचे श्रम होत, कारण भूक हीसुद्धा सक्तीच आहे, असा तो निकाल.

बाबासाहेब आंबेडकरांनी हाच मुद्दा १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात मांडला होता. बेकाराला नोकरी आणि मूलभूत हक्क यांतून एक निवडायला लावले तर तो हक्क सोडील, म्हणून खासगी मालकाच्या हाती सोपवलेल्या अर्थव्यवस्थेत राजकीय लोकशाही अपुरी राहते, असा त्यांचा युक्तिवाद. शेती आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि हे राज्यघटनेतच लिहावे, ही मागणी त्यांनी त्यातूनच केली. ती घटनेत आली नाही.

एकाच उसाचे वाटेकरी

उसाच्या पैशाची वाटणी कायद्याने बांधलेली आहे, पण अर्धीच. शेतकऱ्याला केंद्र सरकार रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, ठरवून देते. २०२४-२५ साठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला तो टनामागे ३,४०० रुपये होता. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे हे पैसे चौदा दिवसांत द्यायचे, नाही दिले तर १५ टक्के व्याज. राज्याने २०१३ मध्ये केलेल्या कायद्याने साखर आणि बग्यास-मळीसारख्या उपपदार्थांच्या उत्पन्नाचे ७० टक्के शेतकऱ्याला, ३० टक्के कारखान्याला, अशीही वाटणी ठरली. ही बंधने शेतकऱ्यांनी रस्त्यावर येऊन मिळवली आहेत. तोडणाऱ्याला मात्र ना असा हमीदर, ना चौदा दिवस, ना उत्पन्नात टक्केवारी. त्याच्यासाठी आहे तो कारखान्यांच्या संघाशी झालेला करार, आणि तो मोडला म्हणून कारखान्याची साखर जप्त होत नाही. एफआरपी थकवल्याबद्दल होते.

त्यातही एक मेख आहे. महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या हातात पडते ती एफआरपी तोडणी-वाहतूक वजा करून. टनामागे सातशे-आठशे रुपये, कधी त्याहूनही जास्त, अशी ती वजावट असते. म्हणजे तोडणीचा दर वाढला की तो सकृद्दर्शनी शेतकऱ्याच्या बिलातून जातो. दीड एकर ऊस लावणारा अल्पभूधारक आणि त्याच्या फडात वाकलेला मजूर यांना एकमेकांच्या खिशात हात घातल्याचा भास होतो, आणि डिस्टिलरी, सहवीजनिर्मिती, गोदाम यांचा धनी तिऱ्हाईतासारखा बाजूला उभा राहतो.

हा बेबनाव बांधावर रोज दिसतो. हंगामाच्या शेवटी ऊस वाळत चाललेला, तोड येत नाही, तेव्हा टोळी एकरी ‘खुशाली’ मागते, ड्रायव्हर ‘एंट्री’ मागतो. शेतकरी चिडतो आणि त्याचे चिडणे बरोबरही असते. साखर आयुक्तालयाने असे पैसे देऊ नयेत म्हणून परिपत्रके काढली आहेत. मजुराला हंगामात रोखीने मिळणारा हा वाढ्यांखेरीजचा एकच पैसा आणि त्याच्या हातात काही ताकद असण्याचा एकच आठवडा, याची दखल परिपत्रकात नसते.

पाणी आणि माणसे

कोरडवाहू मुलुखातली माणसे बागायती मुलुखात जातात, हे निसर्गाने ठरवलेले वाटते. सह्याद्रीपासून पूर्वेला पाऊस कमी होत जातो, हे खरेच. पण धरणे, कालवे, उपसा सिंचन आणि वीज कोठे न्यायची हे माणसांनी ठरवले. लागवडीखालच्या क्षेत्रातला चार टक्क्यांच्या आतबाहेरचा ऊस राज्याच्या सिंचनातले जवळपास सत्तर टक्के पाणी पितो, असे केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाने दहा-बारा वर्षांपूर्वी नोंदवले होते. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून जाणाऱ्या टोळ्यांची संख्या वाढत गेली. पुढे मराठवाड्यातही कारखाने निघाले. विहिरींची पातळी खाली गेली, मजुरांचे जाणे थांबले नाही.

सहकाराची सुरुवात वेगळ्या आशेने झाली होती. प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेल्या कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. खासगी साखरसम्राटांना पर्याय म्हणून शेतकऱ्यांनीच कारखान्याचे मालक व्हायचे, हा त्यातला विचार त्या काळात खरोखर पुरोगामी होता, आणि अहिल्यानगर-कोल्हापूरच्या गावांत शाळा, रस्ते, दवाखाने त्यातूनच आले. सभासद कोण, या एका व्याख्येत त्याची मर्यादा होती. ऊस पिकवणारा सभासद. ऊस पिकवायला जमीन आणि पाणी लागते, जमीन कोणाकडे होती हे जातीने आधीच ठरवलेले. कारखान्यांची संचालक मंडळे मुख्यतः मराठा बागायतदार घराण्यांकडे राहिली. तोडणाऱ्यांत वंजारी, बंजारा, दलित, भिल्ल, धनगर आणि कोरडवाहू मराठेही. सरकारने भागभांडवल घातले, कर्जांना थकहमी दिली, म्हणजे हे भांडवल साऱ्या राज्याच्या करातून आले; मत मात्र सभासदाला. १९७८ मध्ये मार्क्सवादी पक्षातून बाहेर पडून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढणाऱ्या कॉम्रेड शरद पाटील यांचा आग्रह होता की, या देशात वर्ग एकट्याने वाचता येत नाही, जातीसह वाचावा लागतो. ते धुळ्याचे, त्यांनी ज्या आदिवासींमध्ये काम केले, त्यांच्यातलेच अनेक जण दक्षिण गुजरातेत ऊस तोडायला जातात.

तिथली कथा डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी सत्तरच्या दशकात लिहिली. बारडोलीच्या सहकारी कारखान्यात खानदेशातून येणाऱ्या टोळ्या, तीच उचल, तोच मुकादम, जोडीला तिथेही कोयता हाच शब्द. १९२८ च्या सत्याग्रहात शेतसाऱ्याविरुद्ध लढलेल्या शेतकरी समाजाच्या पुढच्या पिढ्या तिथे कारखान्याच्या सभासद होत्या. ब्रेमन यांनी या व्यवस्थेला सहकारी भांडवलशाही म्हटले. महाराष्ट्रात आता त्यातला पहिला शब्दही गळत चालला आहे. गाळप करणाऱ्या सुमारे दोनशे कारखान्यांतले जवळपास निम्मे खासगी आहेत, आणि त्यांतले काही आजारी पाडून मग लिलावात विकत घेतलेले सहकारीच आहेत.

अर्धा कोयता

एकट्या माणसाला उचल निम्मीही मिळत नाही, पुष्कळदा मिळतच नाही. अर्धा कोयता कोणालाच नको असतो. म्हणून वयात आलेल्या पोराचे लग्न हंगामाआधी उरकायची घाई होते, आणि आई-बाप सहा महिने बाहेर असताना मोठी होणारी मुलगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीने तिचेही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. राज्याचे प्रमाण २१.९ टक्के.

मजुरी जोडीला असते, ती मिळते नवऱ्याच्या हातात. बाईचे नाव मुकादमाच्या वहीत नसते. मोळी तिने बांधलेली, तिने वाहिलेली. स्वयंपाक, पाणी, सरपण, तान्हे मूल हे सारे टनात मोजले जात नाही, पण ते झाले नाही तर दुसऱ्या दिवशीचे दोन टन पडणार नाहीत. पाळीच्या दिवसांत पाणी नसते, आडोसा नसतो, सुटी घेतली तर खाडा. संसर्ग होतात, अंगावर काढले जातात, गावी परतल्यावर खासगी दवाखान्यात कर्करोगाची भीती दाखवली जाते आणि गर्भपिशवी काढून टाकली जाते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. दर सहा जणींत एक. त्या सुमारास देशाचे सरासरी प्रमाण तीन टक्क्यांच्या थोडे वर होते. शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी पुन्हा उचल घ्यावी लागते.

चर्चा डॉक्टरांच्या लोभाभोवती फिरली, आणि तो होताच. खासगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. खाडा तसाच राहिला. पाळीच्या दिवसांत बाईने रजा घेतली तर तिचे पैसे कापायचे, हा नियम दवाखान्याने केलेला नाही. २०२४ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांत हा विषय आला तो महाराष्ट्राची साखर घेणाऱ्या जगप्रसिद्ध शीतपेय कंपन्यांच्या निमित्ताने, आणि तिथेही उत्तर ओळखीचेच होते: आमचा करार कारखान्याशी.

टनामागे दहा रुपये

मजुरांनी कोयता बंद केला की सरकार जागे होते, कारण हंगाम लांबला तर ऊस उभ्या उभ्या वाळतो. तीन-चार वर्षांनी एकदा संप, मग लवाद, मग टक्केवारीत वाढ, हा क्रम ठरून गेला आहे. लवादाच्या टेबलावर मजुरांच्या बाजूने बसणाऱ्या काही नेत्यांचे स्वतःचेही कारखाने असतात. डाव्या संघटना बैठकीत असतात, त्यांच्या मागण्यांपैकी दरवाढ तेवढी मान्य होते. ओळखपत्र, विमा, नोंदणी, खाडा बंद करणे या गोष्टी पुढच्या बैठकीवर जातात.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ निघाले, २०२२ मध्ये पुण्यात त्याचे कार्यालय उघडले. कारखान्याने टनामागे दहा रुपये द्यायचे, तेवढीच भर सरकारने घालायची. हंगामात १,००० लाख टन ऊस गाळला तर कारखान्यांचे १०० कोटी आणि सरकारचे १०० कोटी होतात. दहा लाख मजूर धरले तर माणशी वर्षाला दोन हजार रुपये. मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आली. त्याआधी नव्वदच्या दशकात ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी मजुरांच्या अड्ड्यांवर साखरशाळा चालवल्या होत्या, शिक्षण हक्क कायद्यानंतर त्या मागे पडल्या आणि मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहे आली. सगळी मुले मागे राहत नाहीत. दहा-बारा वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला सांभाळायला लागते.

या योजना मजुराला गरजू मानतात आणि त्या नात्याने काही देतात. साखरेच्या उत्पन्नात त्याचा हिस्सा आहे, असे त्यांतली एकही म्हणत नाही. ७०:३० च्या सूत्रात तिसरा आकडा घालणे, कारखान्याने मजुराची नोंद स्वतः ठेवणे, उचल बँकेतून थेट मजुराच्या आणि त्याच्या बायकोच्या वेगवेगळ्या खात्यांवर देणे, सहकारी कारखान्याच्या उपविधीत तोडणी कामगारांना सभासदत्व आणि मत देणे, यांतले काहीच तंत्राच्या दृष्टीने अवघड नाही. शेवटची गोष्ट सोडली तर बाकीच्यांवर चर्चा तरी होते.

यंत्र

मजूर मिळत नाहीत, फसवतात, म्हणून ऊसतोडणी यंत्र हा उपाय आता पुढे आला आहे. यंत्राची किंमत कोटीच्या घरात. राज्यात ९०० यंत्रांसाठी ४० टक्के किंवा ३५ लाखांपर्यंत अनुदान मंजूर झाले. ३५ लाख म्हणजे एका जोडीची, रोजच्या ७३२ रुपयांच्या दराने, ४,७८१ दिवसांची मजुरी. पाच महिन्यांचा हंगाम धरला तर तीसपेक्षा जास्त वर्षांची. यंत्रतोडणीला टनामागे मिळणारा दरही कोयत्याच्या दरापेक्षा जास्त, ही संघटनांची जुनी तक्रार.

कष्टाचे काम यंत्राने करण्यात वाईट काही नाही. डोक्यावर मोळी घेऊन ओल्या फळीवरून चढणे टिकवून ठेवावे, असे कोणीच म्हणणार नाही. प्रश्न यंत्राची मालकी कोणाकडे आणि वाचलेल्या श्रमाचा फायदा कोणाला, हा आहे. अनुदान यंत्र घेऊ शकणाऱ्याला मिळते. त्याने ज्यांची जागा घेतली त्या टोळ्यांसाठी कोरडवाहू तालुक्यांत पाणी किंवा काम देण्याचा कार्यक्रम त्या योजनेचा भाग नाही.

शिवाय यंत्र सगळीकडे चालत नाही. त्याला रुंद सऱ्या, मोठे आणि सपाट क्षेत्र, कोरडी जमीन आणि उभा ऊस लागतो. गुंठ्यांच्या तुकड्यांतला, वादळाने लोळलेला, चिखलातला किंवा उताराचा ऊस कोयत्याकडेच राहतो. अशा फडात एका जोडीचे दिवसाला दोन टन पडत नाहीत, आणि मजुरी टनावर असते.